होटगीचे अप्पा आणि काळी सुरी

होटगीचे शिवलिंगप्पा गेल्याचं ग्रुपवर आलं तेव्हा मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. माझ्या मागोमाग आणखी पन्नासेक आले. मिस्त्रीनं जे टाकलं ते बाकीच्यांनी टाकायचं, अशी आमच्या ग्रुपवर रीतच पडली आहे. ती रीत पडली म्हणूनच हे लिहावं लागतंय.

माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी. सोलापुरात गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडल्यावर धार लावायचं दुकान टाकलं. शिंप्याची कात्री, हॉटेलवाल्याचा सुरा, म्हाताऱ्यांचे अडकित्ते, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. लिहिण्यात चुका सापडतील, सापडू द्या. लोखंडातलं मात्र मला कुणी शिकवू नये, असं मी जन्मभर म्हणत आलो. तेच नडलं.

ग्रुपचं नाव ‘पातं आणि मूठ’. जुन्या-नव्या सुऱ्या, चाकू, अडकित्ते जमवणाऱ्यांचा हा ग्रुप फोनवर चालतो. ॲडमिन सांगलीचे एक दातांचे डॉक्टर. त्यांचा नियम एकच, कापण्या-चिरण्याचं दाखवा, हत्यार दाखवू नका. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापणारे कुणी फोटो घेऊन आले की डॉक्टर त्यांना तासाभरात बाहेर काढत. बाकी आम्ही सगळे साधी माणसं. मास्तर, दुकानदार, रिटायर झालेले, दोन-तीन पोरसवदा इंजिनिअर. दर रविवारी प्रत्येकानं आपली एक सुरी दाखवायची आणि बाकीच्यांनी वाहवा करायची, एवढाच धंदा.

पण सांगतो, माणूस एकट्यानं येडा होत नाही. कोल्हापूरच्या एका गृहस्थानं सुरी लाल मखमलीवर ठेवून फोटो टाकला. पंधरा दिवसांत सगळ्यांच्या सुऱ्या लाल मखमलीवर. मीही चाटी गल्लीतल्या कापडवाल्याकडून वार-दीड वार मखमल घेऊन आलो. मग कुणीतरी दंडावरचे केस सुरीनं काढून धार दाखवली. झालं, सगळ्यांचे डावे हात साफ. माझी बायको म्हणाली, “सोललेल्या कोंबडीवानी दिसतोय हात. लग्नाकार्यात शर्टाची बाही खाली ठेवत जा.”

ह्या सगळ्यात होटगीचे अप्पा एकटे न्यारे होते.

ते कधी काही लिहून पाठवत नसत, बोलून पाठवत. मागं कायम एखादी मालगाडी चाललेली असायची. गाडी पूर्ण जाईस्तोवर ते बोलायचे थांबत आणि ते थांबणंही आमच्याकडं येई. एवढ्याशा दोन वाक्यांसाठी आम्ही दीड मिनिट डबे मोजत बसायचो. फोटोत त्यांची सुरी कधी एकटी नसे. बाजूला अर्धं चिरलेलं वांगं, नाहीतर लिंबाची फोड, नाहीतर शेंगाच्या चटणीसाठी सोललेला लसूण. डॉक्टर एकदा म्हणाले, अप्पा, भाजी बाजूला करा, सुरी नीट दिसत नाही. त्यावर गाडीच्या आवाजातून उत्तर आलं, “भाजीबिगर सुरी कशी वळखायची, डॉक्टर? दातबिगर तुमाला माणूस वळखतो का?”

दंडावरच्या केसांचं प्रकरण ऐन भरात होतं तेव्हाही त्यांचा एकच निरोप आला. मी लिंबू कापून बघतो, हातानं काय पाप केलंय.

रेल्वेत ते चावीवाले होते. म्हणजे हातात हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली की ठोकून बसवायची. तीस वर्षं ठोकण्याचा आवाज ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला होता. कुठलंही पातं हातात आलं की ते आधी नखानं टिचकी मारत, डोळे मिटून ऐकत, आणि मग बोलत. मला हे सोंग वाटायचं. पात्याची परीक्षा डोळ्यानं आणि अंगठ्यानं करायची असते, असं मी ग्रुपवर ठणकावून सांगितलं होतं. ते म्हणाले, “इरली.” कानडीत इरली म्हणजे असू दे. वाद संपवायला हा एक शब्द त्यांना पुरत असे. माझ्यासारख्याला मात्र तो शब्द लागायचा. वाद जिंकल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नाही.

त्यांच्याकडं सगळ्या मिळून अकरा सुऱ्या. आमच्यातल्या काहींकडं दोन-दोनशे. अकरातल्या दहा त्यांनी बाजारात, मोडीत, जत्रेत घेतलेल्या. अकरावी म्हणजे काळी सुरी. गावच्या लोहारानं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून बनवलेली, पातं कोळशासारखं काळं, चाळीस वर्षं धार लावून लावून निम्मं झिजलेलं. ती खरं तर त्यांची नव्हतीच. ती गौरव्वा वहिनींची, त्यांच्या बायकोची. त्या घरातली सगळी भाजी तिनंच चिरली जायची. अप्पा लिंगायत. एकदा डॉक्टरांनी चेष्टेनं विचारलं, ह्या सुरीनं कांद्यापलीकडं काही कापलंय का. अप्पा म्हणाले, कांदासुद्धा तिला न रडवता कापते.

त्याच सुमारास मी ग्रुपवर चकाकीचं खूळ आणलं. ते खूळ माझंच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. दुकानात पॉलिशचं चाक होतं, कापडाचं, मोटरीवर फिरणारं. एक जुना अडकित्ता मी त्यावर धरला, साबण लावला, आणि आरशासारखा करून फोटो टाकला. फोटोत माझा चष्मा दिसत होता. त्या एका फोटोनं मी मिस्त्रीचा ‘गुरुजी’ झालो. कोल्हापूर, बेळगाव, नाशिक, कुठून कुठून सुऱ्या कुरियरनं यायला लागल्या. एकानं केली की दुसऱ्याला आपली मळकट वाटायची. मी पैसे घेत नव्हतो. नाव घेत होतो.

फक्त अप्पांची काळी सुरी काळीच राहिली. रविवारी आरशांच्या रांगेत ती आली की मला डोळ्यात कचरा गेल्यासारखं व्हायचं. मी आधी चेष्टा केली, मग टोमणे मारले. होटगीला साबण मिळत नाही का. रेल्वेचा कोळसा अजून निघाला नाही वाटतं. एकदा लिहिलं, बायकोची सुरी अशी ठेवणाऱ्यानं बायकोला कशी ठेवली असेल. ह्यावर चाळीस जण हसले. हसण्याची चित्रं मी मोजली होती. ते मोजणं आठवलं की आता कुणी नसलं तरी मी मान खाली घालतो.

आठ दिवसांनी अप्पा स्वतःच दुकानात आले.

मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. उंच, काटक, चालताना नजर जमिनीवर, जणू अजून रूळ तपासतायत. कपाळाला भस्म, खिशात टोपी. धुतलेल्या फडक्यात सुरी गुंडाळलेली. मी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी ती हातात न देता काउंटरवर ठेवली. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं, त्यामुळं ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. मला ही रीत माहीत होती, पण पाळायला वेळ कुणाला होता. ते म्हणाले, “इतकं म्हणताय तर करा की, मिस्त्री. तिला म्हटलं, नवी करून आणतो.”

पुढच्या रविवारी सोलापुरात आमच्या ग्रुपचं संमेलन होतं. दुकानात अठरा सुऱ्या रांगेत. बेळगावचा एक इंजिनिअर फोनवर व्हिडिओ लावून माझं काम बघत होता आणि मी त्याला चाकावर सुरी कशी धरायची ते शिकवत होतो. काळ्या सुरीचा काळेपणा हट्टी. मी जोर लावला. पाण्यात बुडवून थंड करायला पाहिजे होती, बादली पायाशीच होती. पण वाकलो असतो तर व्हिडिओतून बाहेर गेलो असतो.

वास आला. बघतो तर धारेच्या अंगाला पातं आधी पिवळं, मग निळं.

पोलाद तापवून पाण्यात विझवलं की त्याला कडकपणा येतो. त्याला आम्ही पाणी म्हणतो. ते जास्त तापलं तर पाणी उतरतं, पातं मऊ पडतं, धार लागते पण टिकत नाही. कुठलाही फिटर पहिल्या वर्षात हे शिकतो. मी तर पंचेचाळीस वर्षं लोखंडात काढलेला फिटर. मी इंजिनिअरला ‘बॅटरी संपली’ म्हणून फोन बंद केला, बारीक साबण घेतला आणि ती निळी झाक घासून काढली. वर राहिला नुसता आरसा.

अप्पा संध्याकाळी आले. सुरी उचलली, नखानं टिचकी मारली, डोळे मिटले. पुन्हा एकदा टिचकी मारली. कानाला पाणी उतरल्याचं कळतं हे मला आजही पटत नाही. पण त्या वेळी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि मी चाकाची पट्टी नीट करायला खाली वाकलो. “इरली,” म्हणाले. फडक्यात गुंडाळून घेऊन गेले.

संमेलनात सगळ्यात जास्त कौतुक त्याच सुरीचं झालं. डॉक्टरांनी तिचा फोटो ग्रुपच्या तोंडावर लावला. अप्पा एका कोपऱ्यात पुरी-भाजी खात बसले होते. लोक येऊन म्हणायचे, अप्पा, आता कशी सुरीसारखी सुरी दिसते. ते मान हलवत.

श्रावणात नाशिकच्या एकानं ग्रुपवर विचारलं, गुरुजी, तुम्ही चमकवलेली माझी सुरी छान दिसते, पण दोन दिवसांत बोथट होते, काय असेल? म्हणजे ते पाप एकाच सुरीत झालं नव्हतं. मला तिथंच सांगता आलं असतं. उलट मी अप्पांसारखं तोंडानं बोलून पाठवलं, आवाज चढवून. “दोष पात्याचा नसतो, हाताचा असतो. ज्याचा हात गेला त्यानं सुरीला नाव ठेवू नये.”

वाक्य लोकांना फार आवडलं. पाच-सहा जणांनी ते आपल्या फोनवर सगळ्यांना दिसेल असं लावलं. एकानं फलक रंगवून घेतला. मी फुगलो.

हिवाळ्यात अप्पांनी वेळ अमावस्येला शेतावर जेवायला बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडं भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील करून पाहुण्यांना रानात जेवू घालतात. भज्जी म्हणजे सतरा भाज्यांचा गोपाळकाला, चिरण्याचंच काम. मी पहिल्या गाडीनं गेलो, सांगितल्यापेक्षा तासभर आधी पोचलो. घराचं पुढचं दार लावलेलं, म्हणून मागच्या अंगाला वळलो. मोरीपाशी अप्पा उकिडवे बसले होते. समोर धारेचा दगड, वरून तांब्यातलं पाणी थेंब थेंब. काळी सुरी, म्हणजे आता आरसा झालेली, ते ओढत होते, आवाज येऊ नये म्हणून अगदी हळू.

मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मग जवळ बसवून हलक्या आवाजात सांगितलं. सुरी आणल्यावर दोन दिवसांत वहिनींना कापता येईना. वांगं दाबलं जायचं, टोमॅटो फुटायचा. अप्पांनी तिला काही सांगायच्या आत श्रावणात माझा तो निरोप आला. अप्पांना कमी ऐकू येत नव्हतं, पण गाड्यांमुळं फोन मोठा करून ऐकायची सवय. वहिनी चुलीपाशी होत्या. “दोष हाताचा असतो हे तिनं ऐकलं. दुसऱ्या दिशी सुनंला म्हणाली, चिरायचं तू बघ, माझे हात गेले. तवापासून कोण जेवायला येणार म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. मग मी हे सुरू केलं. सकाळी लावली की दुपारपर्यंत टिकते. आन हाताला तिळाचं तेल चोळायला सांगितलं. तिला वाटतंय, तेलानं हात परत आले.”

दगडाकडं बघत राहिलो. तो मधे खोलगट झाला होता.

अप्पा म्हणाले, “मिस्त्री, तुमी एकदा ग्रुपात बोला. चाकानं पाणी उतरतं म्हणून. दुसऱ्यांच्या सुऱ्या वाचतील. आन ती ऐकंल.”

मी म्हटलं, तुम्हीच सांगा की वहिनींना.

“मी सांगितलं तर तिला वाटंल नवरा समजूत घालतोय. तिनं ऐकलंय ते तुमच्या तोंडून.”

तेवढ्यात दार वाजलं. अप्पांनी दगड घंगाळामागं सरकवला, सुरी पुसून खिळ्याला अडकवली. वहिनी बाहेर आल्या, मला बघून पदर सारखा केला. “भावजी, लवकर आलात? बसा, चहा ठेवते.” मग खिळ्यावरची सुरी काढली, पाटावर बसल्या आणि घेवडा चिरायला लागल्या. खंड न पडता, एकसारखं अंतर ठेवून, इकडं माझ्याशी बोलत. दुपारी रानात जेवताना मी म्हणालो, वहिनी, लई बारीक चिरलंय. त्या लाजून हसल्या. म्हणाल्या, “हात गेले होते की माझे. आता परत आलेत.” अप्पा आंबील पीत होते. त्यांनी भांडं तोंडापासून काढलं नाही.

ते गेले तोपर्यंत आठ महिने झाले. ह्या आठ महिन्यांत पस्तीस तरी रविवार आले. दर रविवारी मी ग्रुपवर बोलायचो. कुठलं पोलाद चांगलं, मुठीला कुठलं लाकूड. बेळगावच्या इंजिनिअरनं माझे सगळे निरोप एकत्र करून ठेवले होते, पुढच्या पिढीसाठी म्हणे. त्यात हे एक कसं घालू, असं वाटायचं. पुढच्या रविवारी बोलू म्हणायचो. गिरणीत मुकादमाला उलट बोलायला मी कधी भ्यालो नाही. स्वतःच्या चुकीचं नाव घ्यायला मात्र छाती झाली नाही. अप्पांनी एकदाही आठवण केली नाही. त्यांची वांगी, लिंबं, लसूण येत राहिले, आणि गाड्या.

मग डॉक्टरांचा निरोप आला, छातीत कळ आली, रात्रीत गेले.

तिसऱ्या दिवशी मी होटगीला गेलो. घरात बायका होत्या, सून चिरत होती. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. मला बघून थोड्या रडल्या, मग सांगायला लागल्या. तुमचा आवाज फोनात आला की ते मोठा करायचे, भावजी. मला म्हणायचे, हातातलं ठेव, हिकडं ये, मिस्त्री काय म्हणतात ऐक. दर रविवारी. मला त्यातलं काय कळतंय, पण त्यांचं आपलं, ऐक, आज कामाचं बोलतील.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. “ते गेले आन हात पण गेले बघा परत. काल कांदा कापाय बसले, कापंना. तेल तर रोज लावते.”

तेव्हा सांगितलं. बायकांसमोर सांगितलं. वहिनी, दोष हाताचा न्हाई. सुरी मी जाळली. चाकावर. मला तवाच कळलं होतं, मी लपवलं. अप्पा रोज पहाटे तुमच्या आधी उठून धार लावत होते.

खोलीत सुनेची विळी थांबली. वहिनींनी कानडीत स्वतःशी काहीतरी म्हटलं, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, “आन मी तेलाचे गुण गात होते.” मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. “भावजी, हे त्यांच्या देखत बोलायला काय झालं होतं?”

मी चपला घालून बाहेर पडलो.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं बोललो, निळ्या झाकेपासून. काहींनी हात जोडले, काहींनी लिहिलं, गुरुजींचा मोठेपणा. ते वाचून मला जास्तच लाज वाटली. नाशिकवाल्यानं काही न लिहिता ग्रुप सोडला. तो बरोबर वागला. काळ्या सुरीला पुन्हा पाणी देऊन देतो, असं नंतर वहिनींना म्हणालो, तर त्यांनी ती दिली नाही. राहू दे म्हणाल्या, दुसरी घेतलीय.

अप्पांना मी शेवटचं बघितलं ते वेळ अमावस्येच्या संध्याकाळी. रानातून ते मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आले. त्यांच्या हातात माझ्यासाठी भज्जीचा डबा होता. वाटेत सकाळच्या विषयावर एक शब्द नाही. ज्वारी बरी आलीय, पाखरं लई आहेत, असलं बोलणं. गाडी आली, मी चढलो, खिडकीशी बसलो. त्यांनी डबा खिडकीतून आत दिला, आणि डब्यावरचा हात न काढता म्हणाले, “मिस्त्री, घाई न्हाई. पण बोला.”

मी होय म्हणून मान हलवली.

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. ढिली चावी ठोकून बसवल्यावर माणूस जसा निर्धास्त पुढं जातो, तसे ते वळले. टोपी खिशातून काढून डोक्याला घातली आणि बांधाच्या वाटेनं चालायला लागले, लांब लांब ढांगा टाकत. गाडी सुटेपर्यंत एकदाही मागं बघितलं नाही. त्यांच्या लेखी ते काम झालं होतं.